‘बहुतेक’ निघालेला कोंब

अन्याय झाला तो माझ्या बाबांवर. गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी, चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी सकाळी, पणजीच्या एका इस्पितळात.

बाबा पार्श्याचे, पण हयात गेली डिचोलीच्या खाणीवर ट्रक हाकण्यात. शौचाला रक्त पडायचं, ते त्यांनी मूळव्याध म्हणून लपवलं. शेवटी दुर्बीण घालून बघितलं, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरावर एक कोंब सापडला, अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, दाण्याएवढा. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. राहिला तर वाढतो, आणि वाढलेल्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “चिमट्याने उचलला.”

“सगळा?”

“बहुतेक. आत तपकिरी गाळ होता, कड नीट दिसली नाही. त्रास झाला तर या.”

बहुतेक! मी तेव्हा पत्रकं लिहायचे आणि धारगळच्या तिठ्यावर उभी राहून वाटायचे. गप्प बसणं मला शिकवलंच नव्हतं. “घटक राज्य बहुतेक मिळालं, असं दिल्लीने कळवलं असतं तर तुम्ही फटाके लावले असते, डॉक्टर?”

“बाई, ही सभा नव्हे.”

“म्हणून तर हळू बोलतेय.”

गाळ आला कुठून, ते घरी कळलं. आदल्या दिवशी नर्सने ‘पातळच घ्या’ एवढंच सांगून हातात इंग्रजी कागद दिला होता. आम्ही इकडे मराठी की कोकणी म्हणून एकमेकांचे गळे धरत होतो, आणि आजाऱ्याला मिळाली इंग्रजी! बाबांनी दिवसभर नाचणीची तिझन प्यायली होती.

“बाबा, तिझन?”

“पातळच घेतलंय मगे! चमचो उबो रवलो नाय.”

त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे तिझन पातळातच मोडते. पण गाळ दिसत असताना धुवून का बघितलं नाही? त्रास होईपर्यंत थांबायचं, म्हणजे उरलेला वाढेपर्यंत थांबायचं. आठवडाभर मी डॉक्टरांच्या दाराशी ठाण मांडलं. शेवटी ते वैतागले. “बरं, आणा त्यांना. पुन्हा बघतो.”

या वेळी स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे. पेजेची निवळ, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. पेला खिडकीशी धरायचा, पलीकडची बोटं दिसली तरच बाबांना द्यायचा. “पिकेटिंग करता हां चेडू,” बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, “माझ्याच पोटार!” औषधाने पोट इतकं साफ झालं की शेवटी नुसतं पाणी पडलं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी मला बोलावलं. दुर्बिणीला शिकाऊ डॉक्टरांसाठी दुसरं नळकांडं जोडलेलं होतं. “या, तुम्हीच बघा. नाहीतर उद्या माझ्यावर पत्रक काढाल.”

मी डोळा लावला. त्यांनी पाणी सोडून जागा धुतली. गुलाबी अस्तर लख्ख झालं, आणि तिथे होता तो. एका बाजूचा लचका तुटलेला, दुसरी बाजू जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, “तुमचं बरोबर होतं.”

त्यांनी तारेचा फास आत सरकवला. कोंबाभोवती थोडं निरोगी अस्तरही फासात धरलं, आवळलं, कापलं. तुकडा बाहेर काढून बाटलीत टाकला. मी उठणार तोच ते म्हणाले, “थांबा, अजून झालं नाही.” पुन्हा पाणी. पुन्हा सगळीकडून कड बघितली, सावकाश, घड्याळाचा काटा फिरावा तशी.

“आता?”

“सगळा.”

हा शब्द मी याआधी अनेक घोषणांत ओरडले होते. इतका गोड तो कधीच लागला नव्हता. पुढे तुकडा तपासून आला. कॅन्सर नव्हता, आणि कडाही स्वच्छ होत्या. बाबा घरी गादीवरून म्हणाले, “आता तरी गप रवतलस मगे?”

नाही, बाबा.

वाचकहो, तुमच्या घरचं माणूस या तपासणीला गेलं, तर बाहेरच्या बाकावर नुसते बसू नका. विचारा: सगळा निघाला का? धुवून कड पुन्हा बघितलीत का? उत्तर ‘बहुतेक’ आलं, तर पुढे काय करणार ते कळेपर्यंत तिथून हलू नका.