अंधारासाठी बादलीभर पाणी

मुलुंडच्या एका साडीच्या दुकानाने शोकेसमध्ये ट्यूबलाइट लावल्या आणि तिथले सहा जुने, छोटे स्पॉटलाइट आमच्या हौशी नाट्यसंस्थेला फुकट दिले. ते मी रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. त्या आनंदात मी दोन गोष्टी केल्या. भाड्याने दिवे देणाऱ्याला या वेळी येऊ नका म्हणून कळवलं, आणि ताईला शब्द दिला की शेवटचा प्रकाश तिला हवा तेवढा हळू घालवीन.

आमच्या संस्थेची ही ताई टेलिफोन खात्यात होती. नाटक तिनेच लिहिलं, बसवलं आणि त्यातली आईही तीच होती. शेवटी मुलगा घर सोडून जातो आणि आई दोरीवरचे त्याचे कपडे काढून घड्या घालत बसते. तिथे तिला दोन वाक्यं होती. माझ्या शब्दावर तिने ती कापली. म्हणाली, "दिवाच बोलणार असेल तर मी कशाला बोलू?"

प्रयोग शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये होता. गुरुवारी मी दिवे टांगले, दुकानातल्या बारीक वायरी काढून जाड वायरी घातल्या आणि त्या आमच्या डिमरला जोडल्या. हा डिमर आम्ही भंगारातून आणला होता. लोखंडी पेटी, आत तारेची वेटोळी, बाहेर दांडा. दांडा खाली ओढला की जास्त तार वाटेत येई आणि दिवा मंदावे. भाड्याच्या मोठ्या दिव्यांना तो इमानाने मंद करत असे. दुकानाचे दिवे मात्र दांडा तळाला टेकला तरी जेमतेम पिवळे झाले. तिथून बटण बंद केलं की एकदम काळोख.

ताई रंगमंचावर हातात सदरा घेऊन बसली होती. "अरे, लोकांना वाटेल फ्यूज उडाला."

मी मान खाली घालून "होईल" म्हणालो. होणार कसं, ते मला ठाऊक नव्हतं. भाड्याच्या दिवेवाल्याने ती तारीख दुसरीकडे दिली होती. कापलेली वाक्यं परत घे, असं ताईला सांगायची हिंमत मला झाली नाही. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून, दिव्यांचं काम हौसेने शिकलेला. त्या दिवशी ती हौस म्हणजे नुसतं मिरवणं वाटलं.

शुक्रवारी सकाळी बायकोने मोरीत पाणी तापवायचा रॉड लावला आणि रोजच्यासारखा स्वयंपाकघरातला बल्ब मलूल झाला. "गेला बघा तुमचा दिवा," ती रोजच्यासारखीच म्हणाली. मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. रॉड भरपूर वीज ओढतो, म्हणून आमच्या जुनाट वायरिंगवर ताण येऊन बल्ब दबतो. डिमरचंही तेच होतं. ती तार मोठ्या दिव्यांसाठी गुंडाळलेली. माझे चिमुकले दिवे इतकी थोडी वीज ओढत होते की तिला काही कामच उरत नव्हतं. त्या दिव्यांच्या जोडीला काहीतरी दांडगं जोडायला हवं होतं, तेही न उजळणारं.

रॉड बिघडलाय, दुरुस्तीला नेतो, असं बायकोला सांगून मी तो पिशवीत घातला. आजही त्या थापेची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी बिचारीने सगळ्यांचं अंघोळीचं पाणी स्टोव्हवर तापवलं.

शनिवारी विंगेत प्लास्टिकची बादली, तिच्यात रॉड, भोवती खुर्च्यांचं कुंपण आणि शेजारी दांडा धरून मी. कुणी चुकून पाण्यात हात घालेल या धास्तीने मी मध्यंतरातही जागचा हललो नाही. शेवटच्या प्रवेशाआधी रॉड दिव्यांच्या जोडीला लावला. प्रवेश लांबलचक होता. मुलगा भांडत होता, आई ऐकत होती, बादलीतलं पाणी बारीक गुणगुणत होतं.

मुलगा गेला. ताईने पहिल्या सदऱ्याची घडी घातली आणि मी दांडा खाली ओढू लागलो, अगदी बोटाबोटाने. भिंत गेली, दोरी गेली. मग फक्त तिचे हात. दिव्यातली तार लाल धाग्याएवढी उरली तेव्हा मी बटण बंद केलं, आणि ते बंद केल्याचं मलाही दिसलं नाही.

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या काळोखात मला वाटलं, फसलं. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की डिमरची पेटी माझ्या हाताखाली थरथरली. पडदा पडला तरी तो थांबेना. दुकानाचे शेठ आत येऊन वर बघत राहिले आणि दोनदा विचारलं, हे माझेच दिवे ना?

मी प्लग उपसला, रॉड बाहेर काढला. ताईने खोबरेल लावून मेकअप सैल केला, बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि खुशाल तोंड धुवायला बसली. "अंधार तर दिलासच," ती ओल्या तोंडाने म्हणाली, "वर गरम पाणी पण?"

तेवढ्यात नाटक बघायला आलेली बायको विंगेत आली. तिने रॉडकडे पाहिलं, मग वाफाळत्या बादलीकडे.

"झाला वाटतं दुरुस्त," ती म्हणाली, आणि पदर खोचून ताईच्या ओंजळीत पाणी घालू लागली.