गाईंच्या फोटोवर फ्लेचरचा अभिप्राय
माझा भाचा फ्लेचर मेलबर्नला फोटोग्राफी शिकतो. शिकतो म्हणजे काय, तर जगात कलेच्या नावाखाली जे काही घडलं असेल त्याची बातमी शोधायची आणि दर आठवड्याला तिच्यावर अभिप्राय लिहायचा. त्याच्या बाईंचा तसा नियमच आहे. पहिल्या वर्षी बिचारा एक पान लिहायलाही रडायचा. दुसऱ्या वर्षी हात असा सुटला की थांबेना. कोणा डच माणसाने कॅमेरा वर्षभर दलदलीत पुरला आणि आतून निघालेला काळा कागद भिंतीवर टांगला. त्यावर फ्लेचरने चार पानं लिहिली. कोणी जन्मभर आपल्याच फ्रिजचे फोटो काढले, त्यावर सहा. यातलं एकही प्रदर्शन त्याने पाहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणतो, "मावशी, पाहिलं की मत गढूळ होतं."

हे सगळं तो मला वाचायला पाठवायचा, कारण त्याची आई, माझी बहीण शर्ली, आता नाही, आणि बाप वाचत नाही. बाप म्हणजे नेव्हिल मॅडर्न. वॉरीन गावाच्या वरच्या अंगाला त्याचा गाईंचा गोठा आहे. पहाटे उठायचं, दूध काढायचं, दुपारी परत दूध काढायचं, आणि मध्ये कुंपण दुरुस्त करायचं. गुडघे कामातून गेले आहेत. गेल्या हिवाळ्यात जनावरांचा दलाल मागे लागला, की कळप विकणार का? नेव्ह त्याला सांगत राहिला, "शो होऊ दे, मग बोलू." गावाचा वार्षिक कृषी शो वसंतात असतो. तोवर गोठा पुढे चालवायचं पोराच्या मनात आहे का ते कळेल, अशी त्याची आशा होती. मनातलं सरळ विचारायची मात्र मॅडर्नांच्या घराण्यात पद्धत नाही.

त्याच हिवाळ्यात फ्लेचर सुट्टीला आला. बापाचा जुना रेनकोट आणि टोपी चढवून चिखलात पालथा पडला आणि एका खुराच्या ठशाचे फोटो काढत बसला. गाईंना कुतूहल फार. त्या एकेक करून आल्या आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून त्याचे बूट हुंगू लागल्या. नेव्हने मागून आपल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"बघ ग्लेन," मला दाखवत म्हणाला, "गाईंमध्ये कसा रमलाय!"

गाईंमध्ये कसला रमतोय? त्याला तो ठसा हवा होता, 'भूमीवरील हिंसेची लिपी' अशा काहीतरी नावाखाली. पण नेव्हचा चेहरा इतका उजळला होता की मी मूग गिळून गप्प बसले. त्याने औषधांच्या दुकानात जाऊन फोटो मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि शोमध्ये 'शेतावरचं आयुष्य' या गटात दिला. भिंतीवर लागलेला पाहून पोरगा काय ते समजेल, असा त्याचा हिशेब होता.

पण फोटोंचे परीक्षक शिडीवरून पडले आणि कमिटीने डोकं चालवलं: फ्लेचर शिकतोय ना, त्यालाच बोलवा. मी नेव्हला म्हटलं, "बाबा रे, फोटो स्पर्धेतून मागे घे."

"का? नाव दिसत नाही तेव्हा माणूस खरं बोलतो," तो म्हणाला. "बोलू दे खरं."

फोटो विभागाची कारभारीण मी. आमच्याकडे रीत अशी की परीक्षण संपेपर्यंत फोटोखालच्या चिठ्ठीवरचं नाव आत दुमडलेलं असतं. कारभारणीने पेन घेऊन परीक्षकामागून चालायचं, तो बोलेल ते फोटोशेजारच्या कार्डावर लिहायचं आणि कोणाचं काय याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. इतकी वर्षं मला ते कधी जड गेलं नव्हतं.

फ्लेचर काळे कपडे घालून आला. सूर्यास्तांच्या रांगेपुढून न थांबता गेला. "सूर्य संपलाय, मावशी." मांजराच्या पिल्लापुढे थांबला. "याची संमती घेतली होती का?"

शेजारच्या टेबलावर केकची परीक्षक मेव्हिस फ्रूटकेक चाखून बघत होती. ती तोंडातला घास सांभाळत म्हणाली, "अरे, मांजर आहे ते. दूध देतो म्हटलं की सगळ्याला संमती."

पहिलं बक्षीस, निळी फीत, त्याने एका लहान मुलीने काढलेल्या फोटोला दिली. तिचा अंगठा लेन्सवर आला होता आणि फोटोत दुसरं काहीच नव्हतं. "पाहणाऱ्याने स्वतःच्या नजरेला दिलेला नकार," तो म्हणाला. मी लिहिलं.

मग तो बापाच्या फोटोसमोर आला आणि बराच वेळ उभा राहिला.

"हा माणूस खोटा आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"हा पालथा पडलेला. दुसऱ्याचा रेनकोट घालून शेतकऱ्याचं सोंग करतोय. आणि ज्याने फोटो काढला त्याला ते कळतही नाही, नुसता भाबडेपणाने बघत बसलाय."

मी नियम मोडला. "आणि गाई?"

"गाई काय, कुठल्याही असतात. मागचा पडदा आहे तो. लिही: माणूस खोटा, गाई निरर्थक."

लिहिलं. पेन त्याच्या डोळ्यात खुपसावंसं वाटत होतं, तरी लिहिलं. मग सगळ्या चिठ्ठ्या उलगडून नावं वर केली आणि दारं उघडली.

नेव्ह इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आला. चष्मा लावून त्याने कार्ड वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेवढ्यात फ्लेचर सॉसेज रोल खात तिकडून आला, बापाला बघून थबकला आणि मग त्याला चिठ्ठीवरचं नाव दिसलं.

त्याने मला बाजूला ओढलं. "मावशी, निकाल बदल!"

"परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो."

"पण परीक्षक मीच आहे!"

"म्हणूनच."

तो बापाजवळ गेला. "बाबा, तो मी आहे हे मला कळलंच नाही."

"स्वतःची पाठ कोणाला दिसते रे?" नेव्ह म्हणाला. "त्याचं मला काही नाही." मग त्याने फोटोवर बोट टेकवलं. "पण ही डॉटी. ही मिसेस पोप, आपल्या दारात उभी राहून हंबरते ती. आणि ही मार्मलेड. हिची आई मेली तेव्हा तू हिला बाटलीने दूध पाजलंस. आठवडाभर गोठ्यात झोपायचास."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्याने चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाला, "चला, एक काम सोपं झालं. सोमवारी दलालाला कळवतो."

मला रडू आलं. मेव्हिसने केकचा तुकडा पुढे केला, तो मी रागारागात खाल्ला.

ट्रक आले त्या दिवशी फ्लेचर मेलबर्नहून धावत आला, तरी उशीरच झाला. निम्मा कळप सकाळीच रवाना झाला होता. तो खांद्यावरच्या पिशवीतून कॅमेरा काढू लागला.

"तो गाडीत ठेव," नेव्ह म्हणाला. "फाटक धर."

त्याने फाटक धरलं. पहिली गाय समोरून गेली तसं त्याने खालच्या आवाजात विचारलं, "हिचं नाव काय, बाबा?" नेव्हने सांगितलं. मग दुसरीचं विचारलं, तिसरीचं विचारलं. प्रत्येक गाय जाताना तो विचारत होता आणि नेव्ह सांगत होता. मी कुंपणाला टेकून ऐकत होते.

शेवटची एक तांबूस गाय अडून बसली. फ्लेचर फाटक सोडून पुढे झाला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "हिचं सांगू नका. हिला मी ओळखतो. ही मार्मलेड!"

मार्मलेड सकाळच्या पहिल्याच ट्रकमधून गेली होती. ही डचेस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेव्हने माझ्या बुटावर आपला बूट जोरात दाबला.

"हो," तो म्हणाला. "मार्मलेडच."