दसऱ्यापुरता कॉम्प्युटर

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून शाळेतून थेट वाशीच्या सायबर कॅफेत येऊन हे लिहितेय.

मी सानपाड्यात सातवीला शिकवते. गेल्या वर्षी शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. पोरांना शिकवायचं म्हणून मी पन्नाशीत क्लास लावला. पण कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप! मुख्याध्यापक म्हणतात, "बाई, बिघडला तर जबाबदार कोण?" मग मी फळ्यावरच कीबोर्ड काढून शिकवते.

खोली उघडली ती फक्त दसऱ्याला. चपला बाहेर, हळदकुंकू, झेंडूचा हार, पोरांची रांग, लांबून नमस्कार. परत कुलूप.

आज तपासणीला साहेब आले, म्हणून कुलूप निघालं. त्यांनी माझ्या वर्गातल्या सविताला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाले, "चालव बघू."

तिने हात जोडले. डोळे मिटून नमस्कार केला आणि तशीच बसून राहिली.

साहेब हसले. मुख्याध्यापक खुशीत म्हणाले, "बघा साहेब, संस्कार!"

डोंबलाचे संस्कार! फळ्यावरचं एकूणएक बटण त्या पोरीला पाठ आहे. खऱ्या बटणाला बोट लावायची मात्र तिची हिंमत झाली नाही.

कॉम्प्युटर बिघडला तर जबाबदार कोण, हे रोज विचारतात. आता तुम्हीच सांगा, सविता घाबरली, त्याला जबाबदार कोण?