भुलीच्या डॉक्टरांची पोटली

रियाधमध्ये ज्या माणसाने आमच्या घरात कुणाला सुखाने शिंकू दिलं नाही, माझ्या मुलीची जितकी काळजी तिच्या सख्ख्या काकांनी घेतली नसेल तितकी ज्याने घेतली, त्या माणसाला मी एका संध्याकाळी दाराबाहेर ठेवलं. दाराची कडी माझ्या हातात होती आणि तो बाहेरून मला हाका मारत होता. हे आधीच सांगून टाकतो. कारण एकदा त्यांच्या गमती सांगायला लागलो की लोक हसतात, मलाही हसू येतं, आणि त्या दारापाशी आलो की मी विषय बदलतो. इतकी वर्षं असंच चालत आलं आहे.

ते आमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते. मूळचे सांगलीचे. मी क्ष-किरण विभागात होतो, म्हणून ते मला नावाने कधी हाक मारत नसत, ‘काय क्ष-किरण?’ म्हणत. दिवसभर ते नळ्या, वायू, सुया आणि परदेशी यंत्रं यांच्यामध्ये बसून माणसं झोपवत आणि उठवत. संध्याकाळी क्वार्टर्सवर आले की त्याच हातांनी सुंठ ठेचत. आधुनिक औषधशास्त्रावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, फक्त सर्दी त्या शास्त्राच्या हद्दीत येत नाही असं त्यांचं मत होतं. ‘मेंदू उघडा, हृदय उघडा, काय हवं ते करा,’ ते म्हणत, ‘पण नाकाला हात लावायचा नाही. नाक आजीचं खातं आहे.’ गॅलरीत तुपाच्या डब्यांतून त्यांनी गवती चहा लावला होता. बाहेर पन्नासच्या घरातला उन्हाळा असताना ते त्या पातींवर ओली चादर धरून उभे राहत, जणू पेशंटच टेबलावर आहे. सुट्टीवरून परतताना त्यांच्या बॅगेत ज्येष्ठमध, वेखंड, पिंपळी, वाळलेला अडुळसा, सगळं असे; खसखस तेवढी नसे, कारण ती तिथे सापडली तर माणूस थेट तुरुंगात. एकदा विमानतळावर अधिकाऱ्याने वेखंडाचं कांड वर धरून ‘हे काय?’ म्हणून विचारलं. डॉक्टरांनी उत्तर न देता त्याच्या श्वासाकडे कान लावला आणि म्हणाले, ‘तुझ्या घशात कफ आहे.’ अधिकारी एवढा दचकला की त्याने बॅग न तपासताच ‘खलास, यल्ला’ करून त्यांना वाटेला लावलं.

हा कान लावण्याचा प्रकार मात्र हसण्यासारखा नव्हता. निदान ज्याच्यावर वेळ येई त्याला तरी हसू येत नसे. आयुष्यभर झोपलेल्या माणसांचे श्वास ऐकून त्यांचा कान भलताच तयार झाला होता. रुग्णालयाच्या लांब बोळातून आपण एकटं चालत असावं, मागे पावलांचा आवाज नसावा, आणि अचानक मानेजवळून हलक्या आवाजात यावं, ‘आज डावीकडून चाललंय. परवा शिंकाल.’ आणि परवा शिंका यायच्याच. आमचा सुदानी वॉर्डबॉय त्यांना लांबून पाहिलं की पुटपुटत भिंतीला चिकटून उभा राही. माझी बायको म्हणायची, ‘त्यांनी सांगितलं म्हणूनच होते सर्दी. नजर असते तसा त्यांना कान आहे.’ पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ते नुसत्या श्वासावरून ओळखत. आमच्या दारावरची घंटा वाजवायच्या आधीच बाहेरून विचारत, ‘क्ष-किरण, मनू झोपली का?’ आणि मी खरोखरच दाराच्या आत दोन हातांच्या अंतरावर उभा असे.

पहिल्यांदा बायको त्यांच्याकडे साखर मागायला गेली तेव्हा किंचाळत परत आली होती. दार उघडं, दिवा बंद, दिवाणखान्याच्या मधोमध घोंगडीचा एक ढीग, त्याच्या शिवणींतून वाफ निघते आहे आणि ढीग बोलतो आहे, ‘या वहिनी, बसा. मी आत आहे. साखर डाव्या हाताला.’ पुढे तिला सवय झाली. पुढे तर मनूचं नाक चोंदलं की ती स्वतःच त्यांच्याकडे पाठवायची. मनू, आमची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. डॉक्टर तव्यावर ओवा आणि लसणाच्या पाकळ्या भाजत, मलमलच्या फडक्यात गरम गरम पोटली बांधत आणि आपल्या गालावर लावून पाहून मगच तिच्या छातीला लावत. त्यांची स्वतःची मुलं सांगलीला होती. पोटलीने शेकताना ते मनूला कधी कधी चुकून दुसऱ्याच नावाने हाक मारत, आणि मनूही ओ देई.

मग युद्ध आलं. कुवेतच्या बातम्या आधी टीव्हीपुरत्या होत्या, नंतर आमच्या जिन्यात आल्या. शाळा बंद पडली. शेजारची कुटुंबं एकेक करून गेली. रस्ते असे रिकामे झाले की सिग्नल कुणासाठी बदलतात तेच कळेना. आमच्या मजल्यावर उरलो आम्ही तिघं आणि समोरचे डॉक्टर. रुग्णालयाने सगळ्यांना विषारी वायूपासून वाचवणारे मास्क दिले. काळ्या रबराचे, मोठ्या काचांच्या डोळ्यांचे. दाराजवळच्या खिळ्यांवर ते ओळीने टांगलेले असत आणि येता-जाता वाटे, आपल्याच कातड्या काढून ठेवल्या आहेत. एक अधिकारी येऊन आम्हाला शिकवून गेला. क्षेपणास्त्र येत असल्याचा भोंगा वाजला की खिडकी नसलेल्या खोलीत जायचं, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, खाली ओला टॉवेल. आणि वास ओळखायचे. एक वायू ताज्या कापलेल्या गवतासारखा येतो, म्हणाला, आणि दुसरा लसणासारखा. मागच्या रांगेतून डॉक्टर मराठीत म्हणाले, ‘म्हणजे माझं घर केव्हाच शत्रूने घेतलंय की!’ मी इतक्या जोरात हसलो की अधिकाऱ्याने मला उभं केलं.

डॉक्टरांच्या घराला सगळीकडे मोठाल्या खिडक्या, म्हणून ठरलं की भोंगा झाला की त्यांनी आमच्या कोठीच्या खोलीत यायचं. तांदळाच्या पोत्यांमध्ये आम्ही चौघं बसत असू. मास्क घातला की सगळे सारखेच दिसत, आणि झडपेतून येणारा प्रत्येकाचा श्वास एखादं जनावर अंधारात पाणी पीत असावं तसा ऐकू येई. डॉक्टर डोळे मिटून तो ऐकत आणि बोटांनी आकडे दाखवत: मनूचा असा, वहिनींचा असा. ‘सगळे ठीक’ अशी त्यांची मान हलली की मला खरोखर धीर यायचा.

त्या संध्याकाळी मनूला सडकून सर्दी झाली होती. मगरिबची अजान होऊन गेली आणि भोंगा सुरू झाला. आम्ही आत गेलो, मी पट्ट्या लावायला घेतल्या. मास्क चढवला तर मनूला नाकाने श्वास घेता येईना. ती तो ओरबाडून काढायला लागली. तिच्या ओठांचा रंग पाहून डॉक्टरांनी स्वतःचा मास्क काढून दाराच्या आतल्या खिळ्याला लावला.

‘पोटली तव्यावरच आहे. घेऊन येतो.’

‘डॉक्टर, आत्ता?’ बायको म्हणाली.

‘अहो, समोर तर जायचंय. तिचं नाक मोकळं झाल्याशिवाय हा मास्क काही उपयोगाचा नाही. कडी लावून घ्या, आलोच.’

ते गेले. मी कडी लावली, उरलेल्या पट्ट्या चिकटवल्या, टॉवेल सारला, मास्क नीट बसला का पाहायला बाजूने रबर जरासं उचललं. आणि मला लसणाचा वास आला.

आता खरं सांगतो. सुरुवातीला मला तो वायूच वाटला. पोटली, तवा, डॉक्टर, काहीच आठवलं नाही. मागच्या आठवड्यात ज्या शब्दावर मी हसलो होतो तोच शब्द डोक्यात उरला होता. मी रबर घट्ट दाबून धरलं. मग दारावर थाप पडली.

‘क्ष-किरण, उघडा.’

त्यांचा आवाज मी ओळखला. वास कशाचा आहे तेही त्याच क्षणी कळलं. एवढं कळूनही मी कडी काढली नाही. मनात आलं, वास पोटलीचा असेल, पण समजा पोटलीचा आणि वायूचा दोन्हींचा असेल तर? दार उघडायचं म्हणजे पट्ट्या काढायच्या. मनू आत होती. बायकोने माझी बाही ओढली. मी तिचा हात झटकला. डॉक्टरांचा मास्क माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लोंबत होता आणि त्याच्या काचांत मी दिसत होतो.

‘क्ष-किरण! वहिनी! ऐकताय ना?’

ते श्वासावरून माणूस ओळखतात हे मला आठवलं. मग मी जे केलं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी श्वास रोखून धरला. दाराला कान लावलेल्या माणसाच्या आणि माझ्यामध्ये एक बोटभर लाकूड होतं. मी तोंड मिटून उभा राहिलो, कानात घंटा वाजायला लागेपर्यंत. मग हळूच घेतला आणि पुन्हा रोखला. बायकोने मनूला छातीशी इतकं आवळलं होतं की दोघींचाही आवाज निघेना. बाहेर थापा वाढल्या. ते दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. नंतर ते माझं खरं नाव घेऊन हाका मारू लागले, जे त्यांनी आधी कधीच घेतलं नव्हतं. मग कुठेतरी लांब धप्प झालं, पोत्यांतले तांदूळ सरकले, आणि बाहेरचा आवाज थांबला.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मी दार उघडलं. ते समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पोटली मुठीत, तळहात लालभडक. त्यांनी आधी मनूकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे, आणि पुन्हा मनूकडे. बराच वेळ.

‘डॉक्टर, काही ऐकूच आलं नाही हो,’ मी म्हणालो. ‘मास्कमध्ये काही कळत नाही.’

‘हो, हो,’ ते म्हणाले. ‘रबर आहे ना.’

मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, तवा पुन्हा गरम केला आणि मनूची छाती शेकली. बायको माझ्याकडे न बघता पट्ट्या गोळा करत राहिली. पुढचे सगळे भोंगे आम्ही एकत्रच काढले. ते हसायचे, काढे पाजायचे, मनूला गोष्टी सांगायचे. फक्त मास्कमध्ये डोळे मिटून ऐकायचं त्यांनी सोडून दिलं. रुग्णालयाच्या बोळातही माझ्या मानेजवळ पुन्हा कधी तो आवाज आला नाही. मला वाटलं, रागावले असतील. मी विचारलं नाही. युद्ध संपलं, त्यांची बदली बुरैद्याला झाली, नंतर ते सांगलीला परतले, आणि मी दर दिवाळीला फोनवर ‘तब्येत कशी?’ एवढंच विचारत राहिलो.

मनूच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी सांगलीला गेलो तेव्हा ते फार वाळले होते. त्यांच्या पत्नी चहा ठेवायला आत गेल्या. मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य तेवढ्यात म्हणून टाकलं: की त्या संध्याकाळी मला सगळं ऐकू येत होतं, मी आवाज ओळखला होता, आणि तुमचा मास्क आत असताना मी तुम्हाला बाहेर ठेवलं.

ते पत्रिकेवरचं मनूचं नाव बोटाने चाचपत होते.

‘बाहेर राहायचं मला काही वाटलं नाही हो,’ ते म्हणाले. ‘लहान पोर आत आहे, दार उघडायचंच नसतं. मीही उघडलं नसतं. पण आतून काहीच येईना. कुणाचाच काही आवाज नाही. मला वाटलं, गेलात तुम्ही तिघं. मी ते दार बडवत होतो ते आत यायला नाही. तुम्हाला उठवायला.’

मी जी माफी मागायला आलो होतो ती त्यांना नकोच होती; आणि जी मागायला हवी होती ती मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हती. पाठ केलेलं काही उपयोगाचं राहिलं नाही. मी खुर्चीवरून उठून त्यांच्या पायांशी जमिनीवर बसलो.

‘आम्ही जिवंत होतो, डॉक्टर,’ मी म्हणालो. ‘तिघंही जिवंत होतो, आणि मी तुम्हाला ते कळू दिलं नाही. मला माफ करा.’