मॅडम, गाडी तो चालूच आहे!

मंडळी, हसून हसून पोट दुखतंय, म्हणून घरी येताच लिहायला बसले!

मी बुऱ्हाणपूरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवते. परवाच इंदूरहून ई-रिक्षाचं ट्रेनिंग घेऊन आले. येताना वाटेत असीरगढचा किल्ला दिसेपर्यंत डोक्यात एकच धास्ती: इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखायला इतकी वर्षं शिकवलं, ते आता भंगारात?

आज लोधीपुऱ्यातल्या मुकुंदभाऊंची ई-रिक्षा वर्कशॉपमध्ये आणली. मागची चाकं जॅकवर उचलली. सवयीने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि हुकूम सोडला, "रोहिणी, मार स्टार्ट!"

हँडलवर बसलेली माझी विद्यार्थिनी रोहिणी म्हणाली, "मॅडम, गाडी तो चालूच आहे!"

अख्खा वर्ग खिदळला. मीसुद्धा! उभी ई-रिक्षा चालू असली तरी आवाज करत नाही, हे ट्रेनिंगमध्ये डोक्याला कळलं होतं, कानाला नाही.

"बरं, मग चाक फिरव," मी म्हटलं. तिने रेस पिळली आणि स्क्रूड्रायव्हरमधून बारीक खरखर आली. बेअरिंग! मोटर खोलली, तर खरंच बेअरिंग गेलेलं!

मग काय, सगळी पोरं स्क्रूड्रायव्हरसाठी भांडायला लागली. "मॅडम, मला पण ऐकू द्या ना!"

तुमचं कोणतं जुनं कसब नव्या मशीनवर चाललं, सांगा बरं. माझा तर कान वाचला!