कुलूपबाईंचा सातवा नियम

संगणकाच्या खोलीतल्या बाईंना सगळी शाळा मागून कुलूपबाई म्हणायची, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. शाळेच्या इंटरनेटवर काय उघडेल आणि काय नाही, हे अठरा वर्षं त्याच ठरवत आल्या होत्या. एकदा मॅच ऐन रंगात आलेली असताना खेळाचे सर चहा घेऊन आले आणि "बाई, पाचच मिनिटं लावा ना" म्हणाले. बाईंनी चहा घेतला, मॅच काही लावली नाही.

दारामागे बाईंच्या अक्षरात आठ नियम लावलेले होते आणि खाली मुख्याध्यापकांची सही. दर वर्षी पहिल्या तासाला त्या मुलांकडून ते वाचून घ्यायच्या आणि सातव्यापाशी हमखास थांबायच्या. 'दुसऱ्याचं चित्र, फोटो किंवा लेख न विचारता, नाव न देता लावणारी साइट शाळेत बंद राहील.'

"नेटवर दिसलं म्हणजे ते रस्त्यावर पडलेलं नसतं," त्या म्हणायच्या. "ज्यानं काढलं, त्याचं ते. काढलं त्या क्षणापासून. हवं असेल तर विचारा. तो नाही म्हणाला तर गप्प घरी जा."

बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं आपलं नाव टाकायचे. आठ वर्षांच्या असताना बाई त्यांना डबा द्यायला गेल्या, तर दुकानदार शिडीवर चढून ते नाव पांढऱ्या रंगानं बुजवत होता, आणि वडील खाली त्याची शिडी धरून उभे. एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा राग बाईंच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

तर त्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी दारात आली. रडून रडून डोळे सुजलेले. आंतरशालेय स्पर्धेसाठी तिनं चित्र दिलं होतं: फाटक्या कानाचं मांजर शाळेमागच्या नळाला तोंड लावून पाणी पितंय. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि शाळेच्या साइटवरून चोरलंस म्हणून तिचं नाव यादीतून खोडलं. यादी चार वाजता जाणार होती आणि घरी चिठ्ठीही.

"बाई, ते माझंच आहे. मीच गेल्या वर्षी नेटवर टाकलं होतं. शाळेनंच तिथून घेतलं."

"मग दाखव ना सरांना."

"कसं दाखवू? ती साइट शाळेत उघडत नाही. फोन फाटकाच्या आत आणता येत नाही. आई सातला सुटते."

बाईंनी बंद साइटची यादी काढली. मुलांनी चित्रं टाकायची ती साइट होती, आणि ती बंद कुणी केली होती? त्यांनीच. अनोळखी माणसं मुलांशी बोलू शकतात, हे कारणही त्यांच्याच हातचं. कारण खरं होतं, पण आत काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. स्वतःचा असा संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बंद केलेलं एक पान उघडलं आणि वहीत तशी नोंद केली. मांजर होतं. खाली तारीख होती, शाळेच्या साइटवरच्या तारखेच्या आठ महिने आधीची, आणि उजव्या कोपऱ्यात मुलीचं नाव. शाळेच्या साइटवर नेमका तेवढाच कोपरा कापलेला, आणि त्या जागी शाळेचं बोधचिन्ह. आता याला काय म्हणायचं? चोरी करणारे खुर्चीत बसलेले आणि चोर म्हणून पोर उभी.

दोन्ही पानं छापून बाई मुलीला घेऊन वर गेल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून पाहिलं, काढला, पुन्हा लावला.

"असं आहे होय. ऑफिसनं नेटवरून घेतलं असेल. बरं, नाव घालतो यादीत. चिठ्ठीही नको."

"आणि साइटवरचं?"

"राहू द्या की. आपलीच मुलगी आहे. तिला उलट अभिमान वाटायला हवा. काय गं?"

"हो सर," मुलगी खाली बघत म्हणाली. बाईंना ती शिडी आठवली. त्या सरांशी वाद घालत बसल्या नाहीत. खाली आल्या आणि शाळा सुटायच्या आत एक साइट बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची माणसं आली होती. त्यांना कौतुकानं शाळेची साइट दाखवायला मुख्याध्यापकांनी पडदा लावला, आणि पडद्यावर आलं: ही साइट बंद आहे. कारण: नियम सात.

दोन मिनिटांत सर धापा टाकत संगणकाच्या खोलीत.

"बाई, आपलीच साइट बंद? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बाईंनी दार पुढे ओढलं. मागचा कागद समोर आला. "खाली सही तुमचीच आहे, सर."

सरांनी तो बहुधा पहिल्यांदाच पुरता वाचला. "बरं, कधी उघडणार?"

"त्या मुलीला विचारलंत की. हो म्हणाली तर नाव लावून ठेवा, नाही म्हणाली तर चित्र काढा. नववी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक."

"मी जाऊन विचारू? विद्यार्थिनीला?"

"चित्र तिचं आहे."

सर गेले. बाई जाळीच्या खिडकीतून बघत राहिल्या. सर समोरच्या वर्गात शिरले, सगळा वर्ग उभा राहिला, मग ती एकटीच उभी राहिली. सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"काय म्हणाली?"

"विचार करून उद्या सांगते म्हणाली."

"मग उद्या बघू," बाई म्हणाल्या, आणि शाळेची साइट त्यांनी दिवसभर बंद ठेवली.