अख्ख्या वळणाऱ्या हेडबाई

आमच्या हेडबाई मान वळवत नसत. बाजूने कुणी हाक मारली की पावलांसकट अख्ख्या वळत, कपाट सरकवावं तशा. मी शाळेत शिक्षिका म्हणून नवी लागले तेव्हा मला तो रुबाब वाटला. पोरं आपणहून त्यांच्या समोर येऊन उभी राहत. शाळेची निम्मी शिस्त त्यावरच चालत होती.

मान डोलावून त्यांनी कधी शाबासकीही दिली नाही. "चांगलं आहे, हे तोंडाने सांगता येतं," म्हणायच्या. तेही सांगत नसत, ते सोडा.

झेंडावंदनाला सगळे वर बघत आणि बाई समोर, पोरांकडे. संस्थेच्या चिटणीसांना हे खुपायचं. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी दोरी ओढली आणि झेंड्याची गाठ अडकली. चिटणीस माइकवरून म्हणाले, "अहो बाई, जरा वर बघून ओढा!" बाईंनी वर बघितलं आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

टाळ्या पडल्या. पालकांना ते देशप्रेम वाटलं.

मी धावत गेले. "जमीन फिरतेय," त्या पुटपुटल्या. "कुणाला बोललात तर बघा. चक्कर येणाऱ्या हेडबाईला चिटणीस उद्याच घरी बसवतील."

शनिवार पेठेतल्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. रक्तदाब ठीक, कान ठीक. मग डॉक्टरांनी त्यांची मान हळूच वळवली, तशी बाईंनी टेबल धरलं.

"मान आखडलीय. डोकं नेमकं कुठे आहे याची चुकीची खबर मेंदूला जाते, म्हणून तोल जातो. पेपर कसे तपासता?"

"मांडीवर घेऊन, खाली मान घालून."

"कधीपासून?"

"तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून."

पेपर टेबलावर आले, व्यायाम सुरू झाले आणि हळूहळू मान सुटली. बाई इकडेतिकडे बघू लागल्या, चक्क मान डोलावू लागल्या. लगेच पोरं व्हरांड्यात धावायला लागली. "मी सुधारले आणि शाळा बिघडली," बाई म्हणाल्या.

निरोप समारंभात चिटणीस त्या मिठीवरच बोलले, गहिवरून. बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हे ऐकून चक्कर आली," एवढंच कुजबुजल्या.

आता त्या खुर्चीवर मी आहे. माझी मान ठणठणीत आहे. तरी बाजूने हाक आली की मी अख्खी वळते.